नाक्यावर सायकल का दिसत नाही

रोहे आणि अष्टमी यांच्यामधून कुंडलिका वाहते. नगरपरिषद दोघांची एक, बाजार एक, आणि पुलावरची ये-जा दिवसभर चालू. शाळा, पेठ, रेल्वे स्टेशन, धाटावची औद्योगिक वसाहत, कागदोपत्री ज्यांच्या नावापुढे अजून 'तर्फे अष्टमी' लागते ती आसपासची खेडी, यांतले बहुतेक सगळे सायकलीच्या टप्प्यात आहे. पेणच्या बाजूला खारेपाटात तर जमीन इतकी सपाट की चढ म्हणून लागत नाही. असा मुलूख सायकलीचाच म्हणायचा. तरी आईबाप मुलाला नवी सायकल घेऊन देतात तेव्हा पहिली ताकीद एकच असते: नाक्यापलीकडे जायचे नाही.

या ताकिदीत मोठे शहाणपण आहे. सरळ रस्त्यावर कोण कुठे चालला आहे हे सगळ्यांना कळत असते. नाक्यावर चारी दिशांची माणसे एकमेकांच्या मनातले ओळखू पाहतात, आणि त्यासाठी त्यांच्या हाती जेमतेम दोन सेकंद असतात. अपघात झाला की वाहनचालकाचे पहिले वाक्य ठरलेले: "सायकल दिसलीच नाही हो." ऐकणारे हे वाक्य एक तर खोटे मानतात, नाही तर त्यावर विषय मिटवतात. मला वाटते, ते पुष्कळदा खरे असते, आणि खरे असते म्हणूनच चौकशी तिथून सुरू व्हायला हवी. का दिसली नाही, असे विचारले की उत्तर चालकाच्या डोळ्यांपासून निघून गाडीच्या खांबापर्यंत, रस्त्याच्या कोनापर्यंत, कोपऱ्यावरच्या शुभेच्छा फलकापर्यंत आणि शेवटी सरकारी टेबलापर्यंत पोचते.

आधी आकडे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सायकलस्वार सुमारे ४,८०० होते. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ मृत्यू झाले. उत्तर प्रदेश आणि तामिळनाडू यांच्यानंतर आपला क्रमांक तिसरा. एकूण मृत्यूंत सायकलस्वार शंभरात तीनच्या आत भरतात, म्हणून त्यांचा प्रश्न अहवालाच्या एका ओळीत संपतो. पण २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती आणि मोटार पाच टक्क्यांच्याही आत. शिवाय हा आकडा मेलेल्यांचा आहे. कोपर मोडलेला कामगार आणि गुडघा फुटलेली विद्यार्थिनी यांची नोंद क्वचितच होते. सायकलीला विमा नसतो, त्यामुळे दाव्यासाठी पोलीस ठाण्याची पायरी चढण्याचे कारण नसते. धडक देणारा ओळखीचा निघाला तर दवाखान्याचे बिल देऊन विषय तिथेच बसतो.

याचा थेट परिणाम रस्त्यावर दिसतो. राष्ट्रीय महामार्गावर 'ब्लॅक स्पॉट', म्हणजे अपघातप्रवण ठिकाण, ठरवायचे तर ५०० मीटरांच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात व्हावे लागतात, अथवा दहा माणसे मरावी लागतात. त्यानंतर निधी, पाहणी, दुरुस्ती. मुंबई-गोवा महामार्गावरचा मोठा नाका या कसोटीत कदाचित बसेल. अष्टमीसारख्या गावात शाळेकडे वळणारा फाटा कधीच बसणार नाही, आणि बसू नये अशीच आपली प्रार्थना असते. पण तिथे दर आठवड्याला कोणी ना कोणी थोडक्यात बचावत असेल, तर ते सरकारच्या हिशेबात कुठेच येत नाही. माणसे मोजून नाका दुरुस्त करायची ही पद्धत लहान गावाला न्याय देऊ शकत नाही.

आता डोळ्यांकडे येऊ. मोटारीच्या पुढच्या काचेच्या दोन्ही अंगांना छत पेलणारे तिरके खांब असतात. पूर्वीच्या प्रीमिअर पद्मिनीसारख्या गाड्यांत ते बरेच बारीक होते. गाडी उलटली तरी छत दबू नये, एअरबॅग नीट बसावी, म्हणून ते जाड होत गेले. आतल्यांसाठी हे चांगलेच झाले. बाहेरच्यांचे काय झाले ते साध्या हिशेबाने काढता येते. खांब १० सेंटिमीटर रुंद आणि चालकाच्या डोळ्यापासून ७० सेंटिमीटरवर आहे असे धरा. ३० मीटर अंतरावर तो एका डोळ्यापुरती चार मीटरांहून जास्त रुंदीची पट्टी झाकतो. दोन डोळे एकमेकांची उणीव थोडी भरून काढतात, तरी दीड मीटरभर पट्टी दोन्ही डोळ्यांना दिसत नाही. सायकलीची लांबीच पावणेदोन मीटरांच्या आसपास. म्हणजे मागच्या चाकाचा तुकडा सोडला तर सायकल आणि तिच्यावरचे माणूस त्या पट्टीत मावतात. खांब आणखी जाड असला तर तेवढेही बाहेर उरत नाही. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवा खांब त्याच्या डोळ्याला जवळ पडतो आणि उजवीकडून येणारी सायकल जास्त झाकली जाते.

एखाद्याला वाटेल, खांबामागे सायकल क्षणभर जाईल आणि पुन्हा बाहेर येईल. तसे होत नाही, आणि या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. दोन वाहने काटकोनात एकाच बिंदूकडे आपापल्या ठरावीक वेगाने येत असतील आणि त्यांची टक्कर व्हायची असेल, तर एकाला दुसरे कायम एकाच दिशेला दिसते. मोटार ताशी ३६ किलोमीटरने आणि सायकल ताशी १५ ने येत असेल, तर चालकाच्या नजरेत सायकल सरळ रेषेपासून साधारण २३ अंशांवर असते आणि टक्कर होईपर्यंत तिथेच राहते. ती सरकत नाही, फक्त मोठी होत जाते. कित्येक गाड्यांत उजवा खांब नेमका याच अंशांच्या आसपास असतो. मग चालक समोर बघत असतो, शुद्धीत असतो, वेगमर्यादेत असतो, आणि सायकल त्याला शेवटच्या सेकंदापर्यंत दिसत नाही.

रेवदंड्याच्या खाडीबाहेर जाणाऱ्या तांडेलाला हे नवीन नाही. दुसऱ्या होडीची दिशा बदलत नाही आणि ती जवळ येते आहे, म्हणजे टक्कर ठरलेली, हे समुद्रावर जाणारा प्रत्येक जण शिकतो. समुद्रावरची टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतही ते लिहिलेले आहे. होडीच्या नाळेवर उभ्या असलेल्या माणसासमोर खांब नसतो, एवढाच फरक.

इंग्लंडमध्ये हॅम्पशायरच्या न्यू फॉरेस्ट भागात इप्ली क्रॉस नावाचा चौक आहे. उघडे माळरान, झाड नाही, घर नाही, लांबवरचे सगळे स्वच्छ दिसते. तिथे सायकलस्वार मोटारींखाली मेले. असे का व्हावे हे शोधताना लोकांच्या लक्षात आले की दोन रस्ते एकमेकांना ज्या कोनात छेदतात तो कोन, तिथला वेग आणि खांबाची जागा यांचा मेळ भयंकर जुळतो. शेवटी तिथे समोरासमोरचे रस्ते एकमेकांपासून सरकवून घेण्याचा उपाय करावा लागला, म्हणजे सरळ सुसाट पार होणे शक्यच होऊ नये. भातकापणी झाल्यावर पेण-रोह्याच्या सपाट शेतांमधून एकमेकांना छेदणारे गावरस्ते बघितले की मला इप्ली क्रॉस आठवतो. 'इथे तर सगळे दिसते' असा भरवसा जिथे वाटतो तिथेच दोघेही वेग कमी करत नाहीत.

यावर मोटार चालवणाऱ्याने करायचे ते फुकट आहे: चौक जवळ आला की बसल्या जागी मान पुढे आणि बाजूला करून खांबाच्या आड बघायचे. सायकलस्वाराने करायचे तेही फुकट आहे: येताना एकाच लयीत पायडल मारत राहायचे नाही, वेग मुद्दाम मोडायचा. वेग मोडला की दिशा बदलते आणि सायकल खांबाच्या बाहेर येते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आठचा आकडा काढायला शिकवतात. या दोन गोष्टी तिथे शिकवायला अर्धा तास पुरेल.

खांब नसला तरी डोळा फसतो. मान उजवीकडून डावीकडे झरकन फिरवताना डोळा अखंड बघत नाही. तो उड्या मारतो, आणि उडीच्या दरम्यानचे मेंदू टाकून देतो. मोठी गाडी एवढ्याने सुटत नाही, सायकल सुटते. त्याहून खोल गोष्ट अपेक्षेची. हेलसिंकीत हाइक्की सुम्माला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चौकात वळणाऱ्या चालकांची नजर तपासली. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात. उजवीकडे वळणारे चालक डावीकडून येणाऱ्या गाड्यांवरच डोळा ठेवून होते. उजव्या अंगाच्या सायकलमार्गावरून येणाऱ्याकडे त्यांचे लक्षच जात नव्हते. आपल्याकडे हेच आरशातल्यासारखे उलटे होते. गल्लीतून डावीकडे वळून मोठ्या रस्त्याला लागणारा उजवीकडे बघतो, कारण धोका तिकडून येतो, आणि डाव्या कडेने उलट दिशेने येणारी सायकल त्याच्या हिशेबातच नसते.

सायकलवाले उलट दिशेने का येतात, हेही विचारले पाहिजे. चौपदरी महामार्ग झाला, मधे दुभाजक आला, आणि पलीकडच्या वाडीत जायला पूर्वी जे वीस पावलांचे अंतर होते तिथे आता पुढच्या भुयारी मार्गापर्यंत जाऊन परत यावे लागते. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. या काळात वळणे, तात्पुरते रस्ते, अर्धवट पूल यांतून पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड या पट्ट्यातल्या सायकलवाल्याने आपली वाट आपणच शोधली. नियम मोडला म्हणून त्याला बोल लावण्याआधी नियम पाळून त्याला घरी कसे जाता येईल, हे रस्ता आखणाऱ्याने सांगायला हवे.

धाटाववरून जाणारे टँकर आणि ट्रेलर हा वेगळा अध्याय आहे. अवजड गाडीच्या केबिनमधून डाव्या पुढच्या कोपऱ्यालगतचे काहीही दिसत नाही. गाडी डावीकडे वळते तेव्हा मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने न जाता आतून कापत जातात. सायकलस्वार गाडी थांबली आहे असे समजून डाव्या बाजूने पुढे सरकतो, आणि वळणाच्या आतल्या बाजूला अडकतो. लंडनने यावर गाडीलाच धरले. १२ टनांवरच्या प्रत्येक मालगाडीला चालकाच्या जागेवरून बाहेरचे प्रत्यक्ष किती दिसते त्यावर तारे दिले जातात, आणि मार्च २०२१ पासून परवान्याशिवाय शहरात प्रवेश नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ही अट तीन ताऱ्यांवर नेली. आपल्याकडे चाकांखाली माणूस ओढला जाऊ नये म्हणून मालगाडीला बाजूचे संरक्षक कठडे लावण्याचा नियम आहे. औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर आत येणाऱ्या टँकरची कागदपत्रे, झडपा, अग्निशामक नळकांडे रोज तपासली जातात. त्याच वेळी कठडा जागेवर आहे का आणि डावा आरसा शाबूत आहे का, हेही बघता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. फाटकावरच्या तपासणीच्या कागदात दोन ओळी वाढवाव्या लागतील.

अंधार आणि पाऊस ही कोकणाची खास भर. जानेवारीत इथे सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. सातच्या पाळीला पोचणारा कामगार आणि सकाळच्या शाळेला निघालेली मुले अंधुक उजेडातच बाहेर पडतात. नोव्हेंबरअखेर संध्याकाळी सहाला सूर्य मावळलेला असतो. आणि जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात भर दुपारीही संध्याकाळ होते. ओली काच, समोरच्या एलईडी दिव्यांचा झोत, डोक्यावर गच्च ओढलेली रेनकोटची टोपी. मुलांना बाजूचे दिसत नाही आणि मागचे ऐकू येत नाही. रेनकोट घेताना तो मळखाऊ निळा किंवा काळा घ्यायची आपली पद्धत आहे. पिवळा किंवा भगवट नारिंगी घ्यावा. त्याला जास्त पैसे पडत नाहीत.

मात्र रंगाची मर्यादा ओळखली पाहिजे. झगझगीत पिवळा, हिरवट रंग दिवसा आणि झुंजूमुंजू होताना उपयोगी पडतो. रात्री हेडलाइटमध्ये तो इतर कपड्यांसारखाच होतो. रात्री कामाला येते ती प्रकाश आल्या वाटेने परत पाठवणारी पट्टी, आपण जिला सरसकट 'रेडियम' म्हणतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये बंद ट्रॅकवर रात्री एक प्रयोग झाला. काळ्या कपड्यांतला सायकलस्वार चालकांनी शंभरात दोनदाच ओळखला. झगझगीत जाकिटातला पंधरा वेळा, रेडियम पट्ट्यांच्या जाकिटातला पन्नास वेळा. त्याच जाकिटाबरोबर घोटे आणि गुडघे यांवर पट्ट्या बांधल्या तेव्हा नव्वद वेळा. कारण सोपे आहे: खालीवर होणाऱ्या घोट्यांवरून मेंदूला 'हा माणूस पायडल मारतो आहे' असे एकदम कळते. स्थिर ठिपका कुंपणाचाही असू शकतो, मैलाच्या दगडाचाही. रेडियमचे स्टिकर कापून नंबरप्लेट करणारी दुकाने तालुक्याच्या प्रत्येक गावात आहेत. घोट्याला बांधायची पट्टी तिथे किरकोळ पैशांत होईल.

तरीही नाक्यावर रेडियम पुरे पडत नाही, आणि ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मागून येणाऱ्याच्या झोतात सायकल आधीपासून असते, म्हणून मागचा लाल रिफ्लेक्टर उपयोगी. आडव्या रस्त्याने येणारी सायकल मोटारीच्या झोतात शिरते ती शेवटच्या क्षणी, आणि तोवर तिच्या अंगावरचे रेडियम काळेच असते. तिथे स्वतःचा उजेड लागतो, म्हणजे दिवा. एके काळी नगरपालिकेच्या गावांत सायकलीला कर होता, बिल्ला होता, आणि रात्री दिव्याशिवाय सायकल दिसली की दंड होता. कर गेला, बिल्ला गेला, आणि दिवाही त्यांच्याबरोबर गेला. जुना डायनामो तसा सर्वगुणसंपन्न नव्हताच; चाक थांबले की तो विझे, म्हणजे नाक्यावर पाय टेकून उभे राहिले की नेमका तिथेच अंधार. आज सेलवर किंवा चार्जिंगवर चालणारे एलईडी दिवे सहज मिळतात. डेन्मार्कमध्ये ओडेन्स शहरात सतत जळणाऱ्या दिव्यांचा मोठा प्रयोग झाला. दिवे लावलेल्या सायकलस्वारांत इजा होणारे अपघात १९ टक्क्यांनी कमी निघाले. त्याच देशात ६,७९३ सायकलस्वारांवर पिवळ्या जाकिटाचा प्रयोग झाला, तेव्हा दुसऱ्याशी धडकून इजा होण्याचे प्रमाण, सगळी वजावट करून, ३८ टक्क्यांनी घटले. आपल्या केंद्र सरकारनेही २०२० मध्ये सायकलींच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. नव्या सायकलीला प्रमाणित रिफ्लेक्टर असावेत हे योग्यच आहे. दिव्याची सक्ती त्यात नाही, आणि आधीच रस्त्यावर असलेल्या जुन्या सायकलींना तो शिवतही नाही.

इथे एक धोका आहे आणि तो मला फार खुपतो. जाकीट, दिवा, पट्टी यांची चर्चा वाढली की अपघातानंतरचा पहिला प्रश्न बदलतो. 'तू वेगात का होतास' याऐवजी 'तिने पिवळे का घातले नव्हते' असे विचारले जाते. बारा-तेरा वर्षांची मुलगी सकाळी शाळेच्या गणवेशात निघते; गणवेशाचा रंग तिने निवडलेला नाही. दिसायची जबाबदारी तिच्या एकटीवर टाकणे मला अन्यायाचे वाटते. या मुलींना सायकल आपणच दिली आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून २३ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. ते ३,५०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर नेले गेले. बिहारने २००६ मध्ये अशीच योजना सुरू केली, आणि कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात तिथे माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. सायकल मुलीला शाळेपर्यंत नेते, हे सिद्ध झालेले आहे. वाटेतला नाका तिला सुखरूप पार करू देणे हा त्याच योजनेचा भाग मानला गेला पाहिजे.

सायकली जितक्या जास्त, तितकी एकेकाची जोखीम कमी, हे पीटर जेकबसन यांनी २००३ मध्ये अनेक देशांच्या आकड्यांवरून दाखवले. सायकलस्वार दुप्पट झाले तर अपघात दुप्पट होत नाहीत, साधारण तिसऱ्या हिश्श्याने वाढतात. कारण चालकाची नजर सायकलीची वाट बघायला शिकते. आपल्याकडे याच्या उलटे चक्र फिरते आहे. रोह्यात काय, पेणमध्ये काय, सायकलीची जागा मोटरसायकलीने घेतली, सायकली विरळ झाल्या, आणि उरलेल्या सायकलवाल्याचा धोका वाढला. त्यात आता २५० वॉटच्या आतल्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या विजेच्या दुचाकींची भर आहे. त्यांना परवाना लागत नाही, आवाज नसतो, दिसतात सायकलीसारख्या आणि येतात तिच्या दीडपट वेगाने. चालकाचा अंदाज चुकायला एवढे पुरते.

रस्त्याची बाजू खरी मोठी आहे. वेगाचे गणित टाळता येत नाही. ताशी ६० ने जाणारी गाडी चालकाला धोका कळल्यापासून थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर पन्नासेक मीटर जाते, ओल्यावर साठच्या पुढे. ताशी ३० ने जाणारी वीस मीटरांच्या आसपास थांबते, ओल्या रस्त्यावरसुद्धा. म्हणून २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात पादचारी, सायकली आणि मोटारी जिथे एकत्र येतात तिथे ताशी ३० ची कमाल मर्यादा मागितली गेली. फलक लावून वेग उतरत नाही. चौकाचा आकार तो उतरवतो. कोपरा जितका मोठ्या गोलाईचा, तितकी गाडी न थांबता वळते. कोपरा काटकोनाकडे आणून गोलाई आवळली की वेग आपोआप पडतो आणि चालकाला मान फिरवून बघायला वेळ मिळतो. वडखळला अलिबागचा रस्ता फुटतो, कोलाडला रोह्याचा. अशा ठिकाणी तिरका फाटा असेल तर सरळ जाणाऱ्या सायकलीला वेगात वळणारी गाडी कापून जाते. हेलसिंकीच्या त्याच अभ्यासात असे दिसले की सायकलमार्ग उंचावून घेतला किंवा त्याआधी गतिरोधक घातला की चालकांची नजर दोन्हीकडे जाऊ लागते. आपल्याकडे गतिरोधक असतात, पण रंग उडालेले, फलक नसलेले, आणि पावसाळ्यात शेजारी खड्डा पडलेले. सायकलवाला खड्डा चुकवायला आत वळतो, तो गाडीच्या वाटेत.

इंडियन रोड्स काँग्रेसने सायकलमार्गांच्या आखणीची शिफारस १९६२ मध्येच केली होती आणि २०१५ मध्ये ती सुधारून काढली. ज्ञान कमी नाही. पुण्यात, जे एके काळी सायकलींचे शहर होते, किलोमीटरच्या किलोमीटर सायकलमार्ग बांधले गेले आणि २०१७ मध्ये सर्वंकष आराखडाही झाला. तरी तिथल्या सायकलस्वारांची जुनी तक्रार अशी की मार्ग सरळ रस्त्यावर असतो आणि चौक आला की नाहीसा होतो. धोका जिथे सुरू होतो तिथेच सोबत सुटते. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात रस्त्यावर मरणाऱ्या मुलांसाठी आईबाप रस्त्यावर उतरले. त्या आंदोलनाने सुरू झालेल्या बदलांतून पुढे चौकाची अशी आखणी रूढ झाली की वळणारी मोटार सायकलमार्गापर्यंत येईतो जवळजवळ काटकोनात असते, आणि सायकल तिच्या समोरच्या काचेत दिसते, खांबाआड जात नाही.

कायदा काय म्हणतो? फलक किंवा सिग्नल नसलेल्या चौकात मुख्य रस्त्यावरच्या वाहनाला, आणि दोन्ही रस्ते सारखे असतील तर उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नियम जुना आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आले: रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या दर्जाची नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड. त्याच दुरुस्तीने पादचारी आणि बिनइंजिनाच्या वाहनांसाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना हे नियम सहा महिन्यांत करण्यास सांगितले. धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. सायकलस्वाराच्या घरच्यांनाही ते मिळू शकतात, आणि हे गावात फार थोड्यांना ठाऊक असते. बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर २०१७ मध्ये सविस्तर आदेश दिले आहेत. नाक्याच्या कोपऱ्यावर वाढदिवसाचा फलक बांधणे म्हणजे चालकाच्या डोळ्यांपुढे आणखी एक खांब उभा करणे आहे, आणि तो चांगला दहा फूट रुंद.

अष्टमी-रोह्यासाठी यातून निघणारी कामे मोठ्या खर्चाची नाहीत. श्रावण-भाद्रपदात रस्त्याकडेची घाणेरी, टाकळा आणि गवत माणसाच्या उंचीचे होते. गणपतीत महामार्गाच्या दुरुस्तीची धावपळ दरवर्षी होतेच. त्या वेळी शाळांकडे जाणाऱ्या फाट्यांचे कोपरेही छाटून मोकळे करता येतील. मिनिडोर आणि रिक्षा अगदी वळणावर थांबतात, कारण गिऱ्हाईक तिथे उभे असते. थांबा वीस-पंचवीस मीटर पुढे नेला आणि तिथे पावसाचा आडोसा दिला तर गिऱ्हाईकही तिथे जाईल. पथदिवा चौकाच्या बरोबर मध्यावर न लावता येणाऱ्या गाडीच्या बाजूला थोडा आधी लावला, तर ओलांडणाऱ्याच्या चालकाकडच्या अंगावर उजेड पडतो. नाही तर चालकाला काळी सावली दिसते. शाळा भरताना आणि सुटताना, पाळी बदलताना, अशा अर्ध्या-अर्ध्या तासांत नाक्यावर माणूस उभा राहू शकतो. कारखान्यांकडे सामाजिक जबाबदारीचा निधी असतो. पाणपोई आणि वह्यांबरोबर त्यातून शाळेच्या मुलांना सायकलीचे दिवे देता येतील.

सर्वांत आधी नोंद हवी. अपघातांची माहिती पोलीस आता जागेवरूनच केंद्राच्या संगणकीय यंत्रणेत भरतात, आणि ही पद्धत २०२१ मध्ये ज्या सहा राज्यांत प्रथम सुरू झाली त्यांत महाराष्ट्र होता. पण ती नोंद अपघातानंतरची. थोडक्यात हुकलेल्या अपघातांची वही शाळाच ठेवू शकते: कोणत्या फाट्यावर, किती वाजता, गाडी कुठल्या बाजूने आली, वळत होती की सरळ, पाऊस होता का, दिवा होता का. अशा वर्षभराच्या नोंदी घेऊन मुख्याध्यापक आणि पालक नगरपरिषदेकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे गेले, तर कोणता कोपरा आधी दुरुस्त करायचा हे ठरवायला कोणाच्या मरणाची वाट बघावी लागणार नाही.